वरच्या मजल्याचे कुलूप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या अलीकडच्या शिक्षणविषयक पुरवणीत उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या अभियांत्रिकी पदवीधरांसाठी चार पाने मजकूर होता. कोणती परीक्षा द्यायची, किती गुण लागतात, कोणत्या देशात किती खर्च येतो, शैक्षणिक कर्जाचे व्याज कसे बसते, व्हिसाच्या मुलाखतीला काय विचारतात, हे सगळे त्यात व्यवस्थित मांडले होते आणि ते उपयोगाचेही होते; माझ्या मुलीच्या वेळी असे काही हाती लागले असते तर आमचे दोन-तीन हेलपाटे वाचले असते. मात्र परदेशातून आपल्याकडे शिकायला येणाऱ्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याबद्दल त्या चार पानांत एक ओळही नव्हती. असा एक विद्यार्थी माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन वर्षे राहून गेला. आता त्याच्या जागी दुसऱ्याला ठेवायचे ठरवले, तर आमच्या गल्लीत जे सुरू झाले आहे, त्यासंबंधी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. काटछाट करावीच लागली तर माझ्या घरच्या गोष्टी खुशाल काढाव्यात, कागदपत्रांबद्दलचा मजकूर तेवढा ठेवावा, ही विनंती.

आमचे घराणे गायकवाडी नोकरीच्या निमित्ताने वडोदऱ्यात आले आणि इथलेच झाले. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याचा निम्मा भाग आमच्या वाट्याला आहे. मी इथल्या एका कारखान्यात पंपांच्या चाचणी विभागात एकतीस वर्षे काम करून निवृत्त झालो. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर झाली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुढील शिक्षणासाठी जर्मनीतील आखेन या शहरी गेली. त्या दिवसापासून आमचा वरचा मजला बंद होता. एकट्या आमच्या गल्लीत असे सात घरांचे वरचे मजले मी मोजले आहेत. कोणाची मुले कॅनडात, कोणाची ऑस्ट्रेलियात, कोणाची नुसती पुण्यात, आणि आईवडील दिवाळीपूर्वी एकदा वर जाऊन जळमटे काढून पुन्हा कुलूप लावतात.

मुलीचा अनुभव आधी थोडक्यात सांगतो, कारण तो नसता तर मीही बहुधा इतरांसारखाच वागलो असतो. तिकडच्या सरकारी विद्यापीठात शिक्षणशुल्क जवळपास नाही, हे खरे; पण जाण्यापूर्वी वर्षभराच्या खर्चाची रक्कम, त्या वेळच्या नियमाप्रमाणे १०,३३२ युरो, एका गोठवलेल्या खात्यात भरून दाखवावी लागली आणि त्यातून तिला महिन्याला ८६१ युरो मिळत. पैशांची सोय अशी झाली, परंतु राहायला जागा मिळेना. विद्यार्थी वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांबलचक. पहिले पाच आठवडे ती एका मैत्रिणीच्या मैत्रिणीकडे स्वयंपाकघरात गादी टाकून झोपली. त्या देशात नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक कागद जोडावा लागतो. त्या कागदाचे जर्मन नाव मुलीने फोनवर तीनदा उच्चारले तरी ते माझ्या कानाला धरता आले नाही, म्हणून आम्ही घरात त्याला 'मालकाची चिठ्ठी' म्हणू लागलो. ती चिठ्ठी नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून कराचा क्रमांक नाही, आणि राहण्याच्या परवान्याचे कामही तिथेच अडलेले. दोन पदव्यांची गुणपत्रके घेऊन गेलेली मुलगी एका सहीसाठी दारोदार फिरत होती. अखेर एका वृद्ध बाईंनी तिला खोली दिली. रविवारी कपडे धुण्याचे यंत्र लावायचे नाही आणि तेलात मोहरी तडतडवायची नाही, या त्यांच्या अटी होत्या. आमच्या सौभाग्यवतींना दुसरी अट फार लागली होती. पण चिठ्ठीवर सही झाली, म्हणून त्या गप्प बसल्या.

त्यानंतर दहा महिन्यांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, इथल्या एका संस्थेत शिकवणाऱ्या माझ्या परिचितांचा फोन आला. इथिओपियाहून एक विद्यार्थी एम. ई. करायला आला आहे, विषय जलविद्युत आणि सिंचनाशी निगडित, आपल्या देशात तो अधिव्याख्याता आहे आणि अभ्यासरजेवर आला आहे, वसतिगृहात जागा शिल्लक नाही आणि नऊ ठिकाणांहून त्याला नकार मिळाला आहे, असे त्यांनी सांगितले. नवव्या ठिकाणची हकीकत त्या विद्यार्थ्याने मला पुढे स्वतः सांगितली. एका सोसायटीच्या चिटणिसांनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, उन्हातून आलात म्हणून पंख्याचा वेग वाढवला आणि मग म्हणाले, "रूम तो खाली छे, पण कमिटी ना पाडे छे." खोली रिकामी आहे, पण कमिटी नाही म्हणते, हा त्या वाक्याचा अर्थ त्याला सोबतच्या मुलाने समजावून सांगितला. वडोदऱ्यात येऊन त्याला तेव्हा आठच दिवस झाले होते आणि 'कमिटी' हा एकच शब्द त्याला त्या वाक्यात ओळखीचा वाटला होता.

मी होकार दिला तो काही फार विचारपूर्वक नव्हता. मालकाची चिठ्ठी डोळ्यांसमोर आली, इतकेच.

आता कागदपत्रांबद्दल, कारण नकार देणारे बहुतेक जण 'पोलिसांची भानगड नको' हेच कारण सांगतात. ही भानगड काय असते ते मी स्वतः केले असल्यामुळे सांगू शकतो. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला भारतात आल्यापासून १४ दिवसांच्या आत आपली नोंदणी करावी लागते. त्याला घरात जागा देणाऱ्याने २४ तासांच्या आत तशी माहिती ऑनलाइन कळवायची असते. त्या वेळी त्या अर्जाला 'सी फॉर्म' म्हणत. १ सप्टेंबर २०२५ पासून या विषयाचा नवा कायदा लागू झाला आहे, तरी कळवण्याची जबाबदारी जागा देणाऱ्यावरच आहे. याखेरीज कोणताही भाडेकरू ठेवताना करतो तसा भाडेकरार आणि पोलीस ठाण्यातील नोंद. सी फॉर्म भरायला मला चाळीस मिनिटे लागली, त्यातली पंधरा पारपत्रावरचा फोटो ठरलेल्या आकारात बसवण्यात गेली. कोणी घरी आले नाही, कोणी बोलावले नाही. ज्या भानगडीच्या नावाखाली नऊ दारे बंद झाली, ती एवढीच होती.

विद्यार्थ्याच्या बाजूने मात्र हा गुंता खरोखरच त्रासाचा आहे. पत्त्याचा पुरावा असल्याखेरीज नोंदणी पुढे सरकत नाही, नोंदणी आणि पत्ता असल्याखेरीज बँक खाते उघडत नाही, खाते नाही तोवर शिष्यवृत्तीची रक्कम जमा होत नाही, आणि या प्रत्येक टप्प्यावर भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी मागितला जातो, तर त्या फोनच्या सिमकार्डासाठी पुन्हा स्थानिक ओळख विचारली जाते. सगळ्याचा आरंभ कुठेतरी खोली मिळण्यात आहे. त्यात आमच्या पाहुण्याला आणखी एक अडचण आली, ती आडनावाची. त्यांच्या देशात आडनाव हा प्रकारच नाही. माणसाचे स्वतःचे नाव, त्यापुढे वडिलांचे आणि लागलेच तर त्यापुढे आजोबांचे. आपल्या संगणकावरच्या अर्जांना मात्र आडनावाचा रकाना रिकामा चालत नाही. संस्थेने त्याच्या वडिलांचे नाव आडनाव म्हणून घातले, बँकेने आजोबांचे. एका संध्याकाळी तो दोन्ही कागद घेऊन खाली आला, जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि वडील आणि आजोबा या दोघांपैकी कोणाला ठेवू, असे त्याने हसत विचारले. हसला खरा, पण प्रतिज्ञापत्र होऊन दोन्ही कागद जुळेपर्यंत सहा आठवडे गेले आणि तोवर त्याच्या खात्यात एक रुपया आला नव्हता. विद्यार्थी व्हिसावर आपल्याकडे नोकरी करता येत नाही. माझ्या मुलीला जर्मनीत वर्षाचे १२० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा होती (ती मार्च २०२४ पासून १४० दिवस झाली) आणि संस्थेतच प्रयोगशाळा साहाय्यकाचे काम मिळाल्यावर तिचे ओढाताणीचे दिवस संपले. याला तो मार्ग नव्हता. इथे येणारा परदेशी विद्यार्थी शिष्यवृत्तीची तारीख आणि भाड्याची तारीख यांच्यामध्ये किती अडकलेला असतो, हे घरमालक या नात्याने मला दर महिन्याच्या पाच तारखेला दिसत असे.

दुसरी हरकत खाण्याची. आमच्या शेजारच्या एका वहिनींनी पहिल्याच आठवड्यात, वर काय काय शिजेल, अशी काळजी व्यक्त केली. प्रत्यक्षात हा गृहस्थ त्यांच्या परंपरेप्रमाणे दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास करणारा निघाला. त्या दिवशी मांस, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूपही चालत नाही, आणि ईस्टरपूर्वी असा सलग ५५ दिवसांचा उपास असतो. पहिल्या शुक्रवारी आमच्या घरून मोठ्या कौतुकाने साबुदाण्याची खिचडी वर गेली. त्याने वास घेतला आणि नम्रपणे विचारले, "यात लोणी आहे का?" सौभाग्यवती म्हणाल्या, उपासाला तूप नाही तर काय घालायचे! दोन उपासांची अशी गाठ पडल्यावर काही दिवस शेंगदाण्याच्या तेलावर तडजोड झाली. त्याला त्यांच्याकडच्या आंबवलेल्या, जाळीदार, घावनासारख्या भाकरीची फार आठवण येई. त्यांचे ते बारीक धान्य इथे मिळत नाही, म्हणून नाचणी आणि तांदूळ भिजवून, आंबवून दोघांनी मिळून प्रयोग केले आणि तिसऱ्या खेपेला त्याने पसंतीची मान हलवली. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांवरची, हे मला त्या दिवशी त्याच्याकडून कळले. तोवर मी तिला कोकणची समजत होतो.

रविवारी तो कॉफीच्या हिरव्या बिया तव्यावर भाजायचा, त्याचा धूर जिन्यातून खाली यायचा आणि शेजारून खिडक्या लावल्याचा आवाज यायचा. आम्हाला तो वास आवडू लागला होता, पण तो शेजाऱ्यांनाही आवडावा असा आग्रह मी धरू शकत नाही. आखेनच्या त्या बाईंना मोहरी आवडली नव्हती.

वेळेचा घोटाळा तर दोन वर्षे पुरला. त्यांच्याकडे दिवसाचे तास सूर्योदयापासून आणि रात्रीचे सूर्यास्तापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे आठ ते त्यांचे दोन. आपल्या पंचांगातही घटिका सूर्योदयापासूनच मोजल्या जातात, म्हणून मला ते विचित्र वाटले नाही, पण पंचांग पाहून कोणी बस पकडत नाही. त्यांच्या वर्षाला तेरा महिने असतात आणि सन आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे. सप्टेंबर २०२३ मध्ये, गणपतीच्या आठवडाभर आधी, त्याने नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या तेव्हा त्यांचे २०१६ लागले होते, आमचे शके १९४५ चालू होते आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर २०२३. सौभाग्यवती म्हणाल्या, याच्या हिशेबाने मी अजून साठीची झालेली नाही.

अभ्यासाबद्दल दोन शब्द. त्याचा प्रबंध पुराच्या पाण्याचे गणित मांडण्याविषयी होता आणि त्याने विश्वामित्रीचाच एक भाग निवडला होता. पावागडच्या डोंगरातून येणारी ही नदी शहराच्या मधून वाहते, हे त्याला नकाशावर सोयीचे वाटले. नदीत मगरी आहेत, हे मात्र प्रवेशाच्या माहितीपत्रकात कोणी छापलेले नव्हते. पात्राचे आडवे छेद घ्यायचे म्हणजे काठावर उतरून मोजणीची पट्टी धरावी लागते. दोन मगरी उन्हाला पडलेल्या पाहिल्यावर पट्टी धरायला कोणी तयार होईना. मग काळा घोडा पुलावरून, जिथून जिथून दिसेल तिथून, त्याने लेव्हलचे यंत्र लावून जमेल तेवढी मोजमापे घेतली. रस्त्यावरचे लोक थांबून, पूल रुंद करणार का, असे विचारत आणि तो शिकलेल्या गुजरातीत, मला माहीत नाही, असे उत्तर देई. रात्री तो संगणकावर पाण्याचे पृष्ठभाग मांडायचा. मी आयुष्यभर नळातले पाणी मोजले, त्याला उघड्या पात्रातले मोजायचे होते; पात्राच्या खडबडीतपणाचा गुणांक किती धरायचा, यावर आम्ही जितके भांडलो तितका मी कारखान्यातही कोणाशी भांडलो नव्हतो.

आणि मग ऑगस्ट २०२४ चा तो आठवडा आला. त्याबद्दल वडोदऱ्याच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. गोकुळाष्टमीपासून पाऊस थांबेना, सयाजीरावांच्या काळात बांधलेले आजवा सरोवर भरून वाहू लागले आणि पंचविसेक फुटांवर धोक्याची खूण असलेली विश्वामित्री ३५ फुटांच्याही वर गेली. आमच्या गल्लीत नदी शिरली नाही, पण तुंबलेले पाणी ओट्याच्या दुसऱ्या पायरीला लागले. वीज गेली होती. हा खाली आला, त्याने देव्हाऱ्याशेजारच्या डब्यातला रांगोळी आखायचा खडू मागून घेतला आणि ओट्याच्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला एक आडवी खूण करून शेजारी वेळ लिहिली. तासाभराने दुसरी खूण, मग तिसरी. दोन खुणांमधले अंतर कमी होत चालले आहे, म्हणजे पाणी अजून चढते आहे, पण चढण्याचा वेग उतरतो आहे, हे तो बॅटरीच्या उजेडात सगळ्यांना बोटाने दाखवत होता. गल्लीतले दहा-बारा जण ओट्यावर जमले होते. समोरच्या घरातले काका, जे एरवी त्याच्याकडे पाहून दाराची कडी लावून घेत, ते सर्वांत पुढे उभे राहून, अजून किती येईल, असे पुन्हा पुन्हा विचारत होते. खुणांपुढे लिहिलेले आकडे चार, पाच आणि सहा होते. काकांना ते फूट वाटले आणि त्यांनी घरात ओरडून गादीचे बिछाने माळ्यावर टाकायला सांगितले. ते तास होते, आणि तेही त्याच्या देशातल्या पद्धतीचे. आमच्या घड्याळात रात्रीचे बारा वाजून गेले होते. सातची खूण सहाच्या खुणेवरच आली. पहाटे पाणी उतरू लागले.

त्या खुणा अजून भिंतीवर आहेत. यंदा रंग काढताना मी त्या वगळायला सांगितल्या.

या प्रसंगाने गल्लीचे मतपरिवर्तन झाले असे लिहायला मलाही आवडले असते, पण ते खरे होणार नाही. पुरानंतर काही दिवस त्याला हाक मारून चहा मिळाला आणि पुढे कॉफीच्या धुराच्या तक्रारी पुन्हा सुरू झाल्या. त्याआधी, मार्च २०२४ मध्ये, अहमदाबादेत गुजरात विद्यापीठाच्या वसतिगृहात परदेशी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ला केला होता. त्या बातमीनंतर त्याच्या आईचा फोन आला. मुलाने आम्हा दोघांना पडद्यासमोर बसवले. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. तिने हात जोडले, आम्हीही जोडले, आणि बराच वेळ कोणीच फोन ठेवेना. मुलीच्या त्या पाच आठवड्यांत कोणी आखेनमधून असा फोन लावून दिला असता तर आम्हीही हेच केले असते.

जुलै २०२५ मध्ये तो पदवी घेऊन परत गेला. ९ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांच्या देशात नील नदीवरच्या मोठ्या धरणाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्याने संदेश पाठवला. ५,१५० मेगावॅटचा तो प्रकल्प २०११ पासून चालला होता आणि सामान्य लोकांनी रोखे घेऊन त्याला पैसे पुरवले होते; शाळामास्तर असलेल्या त्याच्या वडिलांच्याही पगारातून ती रक्कम कापली जात असे. केवडियाला १३८.६८ मीटर उंचीच्या सरदार सरोवराच्या भिंतीसमोर उभा असताना त्याने मला ही हकीकत सांगितली होती. तिथली वीजक्षमता १,४५० मेगावॅट आहे हे ऐकून तो काही बोलला नव्हता, नुसता समाधानाने हसला होता.

आता सध्याच्या प्रश्नाकडे येतो. पुढील महिन्यात मोझांबिकहून एक विद्यार्थी स्थापत्य अभियांत्रिकीत एम. ई. करण्यासाठी येत आहे आणि वरचा मजला मी त्याला द्यायचे ठरवले आहे. ही गोष्ट कळल्यावर गल्लीतल्या चौदा जणांच्या सह्यांचे एक निवेदन मला मिळाले. 'परिसरातील शांतता व संस्कार लक्षात घेता परदेशी व्यक्तीस जागा देण्याबाबत रहिवाशांची हरकत आहे,' असे त्यात म्हटले आहे. निवेदन घेऊन आलेल्या दोघांनाही मी वैयक्तिक मत विचारले. एक म्हणाले, माझे काही नाही हो, पण बायकांना संकोच वाटतो. दुसरे म्हणाले, माझीही हरकत नाही, पण लोक बोलतात.

ही वाक्ये मी कुठेतरी वाचली आहेत असे वाटत राहिले आणि रात्री आठवले. आमच्या गल्लीपासून सयाजीबाग, म्हणजे जुन्या लोकांचे कमाटीबाग, चालत जाण्यासारखे आहे. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले. करारानुसार नोकरी करण्यासाठी ते १९१७ साली या शहरात आले आणि त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेच्या वरच्या मजल्यावर, मोडक्या खुर्च्या, बाके आणि वटवाघळे यांच्या सोबतीने, एका कंदिलाच्या उजेडात त्यांनी दिवस काढले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी तिथूनही त्यांना बाहेर काढले. मुंबईची गाडी रात्री होती; तोवरचे तास त्यांनी कमाटीबागेत काढले. हा इतिहास वडोदऱ्यात सर्वांना ठाऊक आहे आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला तिथे लोक जमतात. मला मात्र त्या रात्री त्यातला वेगळा तपशील आठवला, जो त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. धर्मशाळेतून निघण्याच्या आधी त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला होता. त्यांतला हिंदू मित्र म्हणाला, तू माझ्या घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या यायची आहे, तिला विचारावे लागेल.

परदेशी विद्यार्थ्याची अडचण आणि अस्पृश्यतेचा तो अनुभव मी एका तागडीत घालत नाही. इथिओपियाचा हा मुलगा आपल्या देशात प्रतिष्ठित होता आणि दोन वर्षांनी तिकडे परत जाणार होता. बाबासाहेबांना आपल्याच देशात ही वागणूक मिळत होती आणि परत जायला दुसरा देश नव्हता. साम्य आहे ते नकार देणाऱ्याच्या तोंडच्या भाषेत. स्वतःच्या नावावर कोणीच नाही म्हणत नाही. नोकर जातील, पत्नीला विचारतो, कमिटी ना पाडे छे, बायकांना संकोच वाटतो, लोक बोलतात. ज्याच्या नावे नकार येतो तो माणूस कधी समोर भेटतच नाही, त्यामुळे त्याच्याशी बोलून शंका दूर करण्याची सोयही राहत नाही. वर्णाचा आणि आफ्रिकेबद्दलच्या समजुतींचा जो भाग यात आहे, तो निवेदनात कुठेही लिहिलेला नाही आणि गल्लीत मात्र मुलांच्याही तोंडी ऐकू येतो.

याच शहरात १८९० साली कलाभवन स्थापन झाले, तेव्हा तंत्रशिक्षणासाठी दूरदूरहून तरुण येत आणि इथल्या वाड्यांतून राहत. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके त्यांपैकीच एक. गावोगावच्या मुलांना त्या वेळी आपल्या पूर्वजांनी माजघरात नव्हे तरी माळ्यावर जागा दिली होती. आज तेच माळे दुरुस्त होऊन, फरश्या बसवून, कुलपात आहेत.

आपल्या दैनिकाकडे माझी विनंती मर्यादित आहे. पुढच्या पुरवणीत अर्धे पान अशा घरमालकांसाठी द्यावे: परदेशी विद्यार्थ्याला जागा देताना कोणता अर्ज, किती वेळात, कुठे भरायचा, भाडेकरारात नाव पारपत्राबरहुकूम कसे लिहायचे, आडनाव नसेल तर काय करायचे. शैक्षणिक संस्थांनीही प्रवेश देतानाच पारपत्रावरील नाव जसेच्या तसे आणि सर्वत्र एकसारखे लिहावे. या एका गोष्टीने आमच्या विद्यार्थ्याचे सहा आठवडे वाचले असते. ज्यांची मुले परदेशात आहेत त्यांनी आपल्या मुलांना, तिकडे पहिली खोली कशी मिळाली, एवढे फोनवर विचारावे. बहुतेक मुलांनी ती हकीकत घरी पूर्ण सांगितलेली नसते. माझ्या मुलीने स्वयंपाकघरातल्या गादीबद्दल मला सांगितले ते आठ महिन्यांनी.

निवेदनाला मी लेखी उत्तर दिले आहे. त्यात चौदाही जणांना विनंती केली आहे की प्रत्येकाने आपली हरकत स्वतंत्र कागदावर, स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या नावे लिहून द्यावी. प्रत्येक कागदाचे उत्तर मी देईन आणि दूर करता येण्याजोगी अडचण दूर करीन. आजपर्यंत दोन उत्तरे आली आहेत. एका गृहस्थांनी आपली सही मागे घेतली आहे. दुसरे पत्र समोरच्या काकांचे आहे. वरचा भाडेकरू रात्री अकरानंतर पाण्याची मोटर लावत असे, तिच्या घरघरीने त्यांची झोपमोड होई, असे त्यांनी लिहिले आहे. ही तक्रार खरी आहे. मोटरच्या पायाखालचे रबर झिजले होते, ते मी बदलले आहे आणि मोटर सकाळी सहा ते सात या वेळातच लावण्याची अट नव्या करारात घातली आहे. ही वेळ आमच्या घड्याळाप्रमाणे, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. उरलेल्या बारा कागदांची वाट पाहत आहे.

आपला नम्र,
दांडिया बाजार, वडोदरा येथील एक वाचक